एक पत्र, दोन पत्ते: सीमाभागातल्या जुन्या वर्तमानपत्रांसाठी आणि नकाशांसाठी

प्रति,
मा. संचालक, पुराभिलेख संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई
आणि
मा. संचालक, कर्नाटक राज्य पुराभिलेख विभाग, बेंगळुरू

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम दोघांच्या नावे लिहितो आहे. आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडे एका सरकारला अर्ज केला की दुसरं सरकार त्यात काहीतरी डाव शोधतं. म्हणून प्रती दोन, मजकूर एकच. मागणीही एकच आहे. सीमाभागात निघालेली जुनी छोटी वर्तमानपत्रं आणि या भागाचे जुने नकाशे यांची तुम्ही दोघांनी मिळून एक सामायिक सूची करावी, ते स्कॅन करावेत आणि कोणालाही घरबसल्या पाहता येतील असे खुले ठेवावेत. एकट्यानं करायला घेतलंत तर काम अर्धंच होईल. का, ते सांगतो.

आधी कागद कुठे कुठे पांगले आहेत ते बघा. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा वगळला आणि तो कोल्हापूरला जोडला. जिल्ह्याचं दप्तर बेळगावातच राहिलं, पण त्यावर ज्या सचिवालयानं शेरे मारले त्याच्या फायली मुंबईत. त्यातून बेळगाव म्हणजे मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागाच्या कमिशनरचं ठाणं. त्यामुळे रत्नागिरीचा पत्रव्यवहारही बेळगावच्या टेबलावरून पुढे सरकायचा. कारवारची गोष्ट निराळी. उत्तर कानडा 1862 मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबईकडे आला, म्हणून त्याआधीचं कारवार हुडकायला चेन्नई गाठावी लागते. भालकी, हुमनाबाद निजामाच्या राज्यात होते, तिथल्या फारसी-उर्दू दप्तरांसाठी हैदराबाद. खानापूरच्या पश्चिमेला घाट उतरला की 1961 पर्यंत पोर्तुगालचा अंमल, तिकडचं काही हवं असेल तर पणजी. आणि इंग्रजांनी जे उचलून नेलं ते लंडनला. एवढ्याशा टापूत आजोबांच्या गावाचा शोध घेणाऱ्या माणसानं किती गावं पालथी घालायची?

संस्थानांचा गुंता तर याच्याही वरचा. बेळगाव शहरातच एक सरहद्द होती. आज ज्या शहापुरात लोक साडी खरेदीला जातात ते शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं. मधला रस्ता ओलांडला की राजा बदलायचा. रायबाग कोल्हापूरचं. शिरहट्टी सांगलीचं. लक्ष्मेश्वर मिरजेच्या थोरल्या पातीचं. हुबळीजवळचं कुंदगोळ जमखंडीचं. हो, सवाई गंधर्वांचं कुंदगोळ, जिथे पुढे भीमसेन जोशी शिकायला गेले, ते पटवर्धनांच्या जमखंडीत मोडायचं. संस्थानं रंगवलेला या भागाचा जुना नकाशा पाहिला की वाटतं, कोणीतरी गोधडी शिवायला घेतली आणि ठिगळं मोजायचं सोडून दिलं.

कर्नाटकाच्या संचालकसाहेबांना इथे थोडं थांबायची विनंती आहे. शिरहट्टीच्या किंवा कुंदगोळच्या ज्या शेतकऱ्याच्या घरात मराठीचा शब्द नाही, त्याच्या पणजोबांच्या इनामाचे कागद संस्थानी मराठीत आणि मोडीत लिहिलेले आहेत. ते वाचून देणारा माणूस त्याला बहुतेक कोल्हापूर-सांगलीकडेच मिळेल. आणि महाराष्ट्राच्या संचालकसाहेबांनी हे लक्षात घ्यावं की आपल्या चंदगडचं 1956 आधीचं बरंचसं दप्तर बेळगाव जिल्ह्याचं दप्तर आहे. तेव्हा गरज दोन्हीकडून आहे. कोणी कोणावर उपकार करण्याचा प्रश्न नाही.

आता वर्तमानपत्रांकडे येतो.

बेळगाव म्हटलं की लोकांना 'तरुण भारत' आठवतो. बाबुराव ठाकूर यांनी तो 1919 मध्ये काढला, तो चालला, वाढला, टिकला. त्याच्याविषयी मला काळजी नाही. काळजी आहे ती बाकीच्यांची. एकोणिसाव्या शतकात निघालेला 'बेळगाव समाचार', ब्राह्मणेतर चळवळीचं निशाण घेऊन उभा राहिलेला शामराव देसाई यांचा 'राष्ट्रवीर', आणि त्यांच्या मागेपुढे निघालेली कितीतरी साप्ताहिकं, पाक्षिकं. काही वर्षभर चालली, काही निवडणुकीपुरती. कन्नडचंही तेच. आज हुबळीचं म्हणून ओळखलं जाणारं 'संयुक्त कर्नाटक' मूळ बेळगावात सुरू झालं, हे आमच्या मराठी मंडळींना सांगितलं तर पटकन खरं वाटत नाही. एकाच गावात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर मराठी खिळे जुळत होते आणि कन्नडही. कधी कधी एकाच छापखान्यात दोन्ही भाषांच्या खिळ्यांच्या पेट्या शेजारी असायच्या.

या छोट्या पत्रांपैकी ज्यांचा एकही अंक हाती लागत नाही त्यांचा माग लागतो तो एका विचित्र ठिकाणी. इंग्रजी अमदानीत मुंबई सरकारचा ओरिएंटल ट्रान्सलेटर दर आठवड्याला देशी वर्तमानपत्रांतला सरकारला खटकणारा मजकूर वेचून त्याचा इंग्रजी गोषवारा करायचा. ते गोपनीय अहवाल मुंबईच्या अभिलेखागारात आहेत, लंडनलाही आहेत. म्हणजे ज्यांना ही पत्रं नको होती त्यांनीच त्यांची आठवण जपली. पण त्यातही निवड सरकारची. राजद्रोहाचा वास आला तो परिच्छेद उतरला. त्याच पानावरचा गुळाचा भाव, प्लेगच्या छावणीत गेलेल्या गल्लीची यादी, शाळामास्तर हवा असल्याची जाहिरात यांत साहेबाला रस नव्हता. आणि वास आला नाही म्हणून जी पत्रं त्या अहवालात नुसत्या नावानं आली, त्यांचं फक्त नावच उरलं.

स्वातंत्र्यानंतर कायदा झाला. 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्यात 1956 च्या दुरुस्तीनं वर्तमानपत्रंही आली. प्रत्येक अंकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवणं प्रकाशकाचं कर्तव्य ठरलं. कागदावर चोख. पण ज्या साप्ताहिकाचा संपादक, कंपोझिटर, मशिनमन आणि घडी घालून तिकीट चिकटवणारा हे सगळं एकच माणूस होता, तो कोलकात्याला अंक पाठवत बसला असेल का? तुम्ही या खात्यात आहात, उत्तर तुम्हांला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

म्हणून या पत्रांच्या फायली आज आहेत त्या अशा ठिकाणी: गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत, बंद पडलेल्या छापखान्याच्या माळ्यावर, संपादकाच्या नातवाच्या घरी पलंगाखालच्या ट्रंकेत, वकिलाच्या कपाटात. बेळगाव-खानापूरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना माळा म्हणजे काय ते सांगायला नको. जूनमध्ये ओल धरते ती दिवाळीपर्यंत सुटत नाही. कसर लागते, वाळवी लागते. पण याहून मोठा शत्रू कागदाच्या आतच असतो. 1870 च्या सुमाराचा अंक सुती चिंध्यांच्या लगद्याच्या कागदावर छापलेला असेल तर तो अजून हातात धरता येतो. त्यानंतर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी, 1956 मध्ये, लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त न्यूजप्रिंटवर छापलेला अंक मात्र पिवळा पडून पापडासारखा मोडतो. म्हणजे आपल्या सगळ्या भांडणाचं जे वर्ष, त्याचेच कागद सगळ्यांत आधी जाणार आहेत.

अशी एक बांधीव फाईल मी पाहिली, त्याविषयी थोडं सांगतो. जागेचं नाव घेत नाही, कारण तिथली माणसं भली आहेत आणि त्यांना पगारही वेळेवर मिळत नाही. पान उलटताना खालून सगळा पंजा द्यावा लागत होता, नाहीतर घडीवर तुकडा पडायचा. बाइंडरनं सारख्या मापात आणण्यासाठी काठ असे कापले होते की पहिल्या स्तंभातलं प्रत्येक ओळीतलं एक-एक अक्षर गेलं होतं. कोणीतरी मायेनं सेलोटेप लावली होती, तिच्याखालचा मजकूर तेलकट तपकिरी झाला होता. आणि 1956 च्या जानेवारीतली पानं जागेवर नव्हती. फाटलेली नव्हेत, ब्लेडनं सरळ रेषेत कापून नेलेली. 17 जानेवारी 1956 ला बेळगावात गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. तो दिवस आम्ही दरवर्षी पाळतो. ती पानं कोणी नेली असतील? अभ्यासकानं, वकिलानं, कार्यकर्त्यानं, कोणीही. वाईट हेतूनं नेली असंही मी म्हणत नाही. कोणत्या तरी निवेदनाला पुरावा म्हणून जोडली असतील.

मला जे म्हणायचं आहे ते इथेच आहे. गेली सत्तर वर्षं आपण या कागदांकडे फक्त पुरावा म्हणून पाहत आलो. मे 1946 च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्याचा वृत्तान्त कापा. सीमावादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगापुढे मांडायला आकडे काढा. न्या. मेहेरचंद महाजन यांच्या आयोगानं 1967 मध्ये अहवाल दिला. 264 गावं महाराष्ट्राला, 247 गावं कर्नाटकाला, आणि बेळगाव शहर होतं तिथेच. महाराष्ट्रानं तो नाकारला. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा गेला आणि अजून तिथेच आहे. या प्रत्येक पायरीवर दोन्ही बाजूंनी जुन्या फायली चाळल्या, हवं ते पान काढलं आणि उरलेली फाईल पुन्हा माळ्यावर टाकली. पुरावा म्हटला की माणूस बाजूचं ठेवतो आणि विरुद्ध जाणारं दडवतो. त्यात मराठीही आले, कन्नडही आले.

माझी बाजू लपवत नाही. 1 नोव्हेंबरला आमच्या घरी काळा दिन पाळला जातो आणि त्याच दिवशी शेजारच्या घरावर राज्योत्सवाचा पिवळा-तांबडा झेंडा असतो. त्या शेजाऱ्यांचं आणि आमचं जेवणाखाण्याचं येणंजाणं आहे. कोर्टानं काय निकाल द्यावा याविषयी माझं मत पक्कं आहे. पण त्या मतासाठी 'राष्ट्रवीर'चा अंक जपायचा आणि कन्नड साप्ताहिक रद्दीत घालायचं, किंवा त्याच्या उलट करायचं, हे मला मान्य नाही. 2 नोव्हेंबरचा मराठी अंक आणि त्याच तारखेचा कन्नड अंक शेजारी ठेवून वाचायला मिळाले, तर एकाच शहरात आदल्या दिवशी दोन वेगळी शहरं कशी नांदली ते कळेल. आज तसं वाचायची सोयच नाही. मराठी फाईल एकीकडे, कन्नड दुसरीकडे, आणि दोन्ही वाचू शकणारी पिढी म्हातारी झाली.

शिवाय सीमाप्रश्नापलीकडेही इथे माणसं जगत होती! निपाणीचंच घ्या. एप्रिल 1925 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे बहिष्कृत वर्गाच्या परिषदेला आले होते. मार्च-एप्रिल 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवून धरला आणि 6 एप्रिलच्या गोळीबारात बारा शेतकरी गेले. त्या आंदोलनात मराठी शेतकरी होते, कन्नड शेतकरीही होते, आणि त्यांचा राग व्यापाऱ्यावर आणि भावावर होता. विडी वळणाऱ्या बायकांनी तिथे संघटना उभारली. हे सगळं मोठ्या शहरांतल्या दैनिकांत आलं ते चार ओळी नाहीतर पहिल्या पानावरचा धुरळा म्हणून. तंबाखूचा भाव आठवड्याआठवड्याला कसा पडत गेला, वखारीत काय चाललं होतं, कोणत्या गावचा माणूस कर्जानं बुडाला, हे तालुक्याच्या पत्रातच सापडणार. तसंच डिसेंबर 1924 चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन. गांधीजी अध्यक्ष झाले असं ते एकमेव अधिवेशन, म्हणून त्यावर लिहिलं गेलं भरपूर. पण मंडपासाठी कोणाची शेतं घेतली, पाहुण्यांना दूध कुठून आलं, टांगेवाल्यांनी दर किती वाढवला, या गोष्टींसाठी स्थानिक पत्राच्या आतल्या पानाला पर्याय नाही.

म्हणून स्कॅन करताना सबंध पान करा. 'महत्त्वाचा मजकूर' निवडायला समिती नेमू नका. ओरिएंटल ट्रान्सलेटरनं तेच केलं होतं. चौथ्या पानावरच्या जाहिराती, सिनेमाची वेळ, नगरपालिकेची नळपट्टीची नोटीस, 'हरवला आहे', कोर्टाची जाहीर नोटीस, सगळं यायला हवं. एका जुन्या अंकात मी दुकानाची जाहिरात पाहिली, मालकाचं नाव मराठीत आणि पत्ता कन्नडात, दोन्ही एकाच चौकटीत. त्यात ना आंदोलन होतं ना ठराव. गिऱ्हाईक दोन्ही भाषांचं होतं, एवढंच.

नकाशांबाबत माझी तक्रार थोडी वेगळी आहे. ते फाटत नाहीत इतके, पण दाखवले जात नाहीत. जुने गावनकाशे कापडावर डकवलेले असतात, त्यामुळे कागद गेला तरी नकाशा धरून राहतो. त्यावर सर्व्हे नंबर, नाला, गाडीवाट, गायरान, मसणवट, देवळाची खूण, विहीर, आणि तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड. जोडीला टिपण (जमिनीच्या मोजमापाचं कच्चं रेखाटन), आकारबंद (सर्व्हे नंबरवार क्षेत्र आणि सारा), वसलेवार (क्षेत्राचा हिशेब). मुंबई इलाख्याच्या मोजणीची ही सगळी परिभाषा सीमेच्या दोन्ही बाजूंना आजतागायत चालू आहे. बेळगावच्या भूमापन कचेरीत आजही 'आकारबंद' मागितला तर कारकून बरोबर कागद काढून देतो. साखळी तेहेतीस फुटांची, म्हणून गुंठा 1089 चौरस फुटांचा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. राज्य बदललं, गुंठा बदलला नाही. सरकारांना एकत्र काम करायला भाषा अडते म्हणणाऱ्यांनी एकदा दोन्हीकडच्या मोजणीदारांना एका बांधावर उभं करून बघावं.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांची तर वेगळीच गंमत. त्यांच्या मांडणीत अंशाअंशाला पत्रक बदलतं. सोळा अंश अक्षांशाची रेघ निपाणी आणि बेळगावच्या मधून जाते, म्हणून निपाणी 47 एल मध्ये आणि बेळगाव 48 आय मध्ये. कारवार 48 जे. भालकी तर थेट 56 मध्ये. ज्याला हे क्रमांक माहीत नाहीत त्यानं कपाटापुढे उभं राहून काय मागायचं? आणि मागितलं तरी पूर्वी समुद्रकाठच्या आणि सरहद्दीच्या पट्ट्यातली पत्रकं 'प्रतिबंधित' म्हणून मिळत नसत. 2021 मध्ये केंद्रानं नकाशांवरची बरीच बंधनं उठवली, पण कारकुनाच्या मनातलं बंधन अजून उठलेलं नाही. 'कशाला पाहिजे?' हा पहिला प्रश्न. हिडकल धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली त्यांना आपलं जुनं गावठाण कुठे होतं ते नातवाला दाखवायचं असतं, यासाठी पाहिजे. पुनर्वसनाच्या कागदात गावाचं फक्त नाव असतं. घर, देऊळ, वाट ही नकाशातच असतात.

आता तुमचं उत्तर मला अंदाजानं ठाऊक आहे: प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. दाव्यासाठी तयार केलेली टिपणं, सल्ले, मसुदे तुम्ही दाखवू नका, कोणी मागतही नाही. पण 1952 मध्ये चौकात एका आण्याला विकलेला अंक आज गुपित कसा होईल? तो तेव्हा दोन्ही बाजूंनी वाचला होता. कॉपीराइटचीही फारशी अडचण नाही. बिननावाच्या मजकुराचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणजे 1956 च्या अंकातल्या अशा मजकुरावर आता कोणाचा हक्क उरलेला नाही. नावानिशी लिहिलेले लेख तेवढे लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं मोजून बाजूला ठेवावे लागतील. तिथे वारसांची परवानगी मागा. बहुतेक घरांतून ती आनंदानं मिळेल.

दुसरं उत्तर येईल की दोन सरकारांचं असं एकत्र काम कधी झालेलं नाही. आपल्याकडे झालं नसेल. चेक प्रजासत्ताक आणि जर्मनीतलं बव्हेरिया यांच्या सीमेवर झालं आहे. त्या सीमेवरून दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या तीसेक लाख जर्मनांना घरंदारं सोडून जावं लागलं. गावंच्या गावं ओस पडली, काही जमीनदोस्त झाली. त्यापुढे आपलं भांडण म्हणजे भावकीतलं. तरीही पिल्झेनच्या विभागीय अभिलेखागारानं आणि बव्हेरियाच्या अभिलेखागारांनी मिळून 'पोर्टा फॉन्टियम' नावाचं एक संकेतस्थळ उभं केलं. त्यावर चर्चच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, गावांच्या बखरी, जुनी वर्तमानपत्रं, नकाशे, छायाचित्रं दोन्ही बाजूंची एकत्र पाहता येतात. ज्याचं गाव आता नकाशावर उरलेलं नाही तो माणूसही घरी बसून आपल्या आजीच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधतो. त्यांनी आधी सीमेचा निकाल लावून मग स्कॅनर आणला असं नाही.

घरातलं उदाहरण हवं असेल तर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनं 'ग्रंथसंजीवनी'वर जुनी पुस्तकं आणि नियतकालिकं खुली केली आहेत. म्हणजे तंत्र आपल्याकडे आहे, ते चालवणारी माणसंही आहेत.

कामाचा क्रम सांगायचा आगाऊपणा करतो. पहिल्या वर्षी यंत्र विकत घेऊच नका, सूची करा. कोणाकडे कोणत्या पत्राचे कोणत्या वर्षांचे अंक आहेत, एवढंच. वाचनालयं, छापखाने, घरं. ही यादी मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत असावी, आणि गावांची नावं सगळ्या रूपांत शोधता यावीत: बेळगाव म्हणून शोधलं तरी सापडलं पाहिजे, बेळगावी म्हणून शोधलं तरी. नाहीतर शोधणारा नावावरच अडकेल आणि नवीन भांडण तयार होईल.

मग स्कॅनर गावात न्या, फायली राजधानीला नेऊ नका. हे मी कळकळीनं सांगतो. लोक फायली देत नाहीत याचं कारण अडाणीपणा नाही. 'अभ्यासाला नेतो' म्हणून नेलेली फाईल परत आली नाही, हा अनुभव आमच्याकडे घराघरात आहे. एका कुटुंबानं सबंध दहा वर्षांचे अंक एका कचेरीला दिले, पावतीही घेतली. नंतर चौकशीला गेल्यावर पावती दाखवा म्हणाले, पावती दाखवली तर त्या नोंदवहीचंच पान मिळेना. मालकासमोर स्कॅन करा, मूळ प्रत त्याच्या हातात परत द्या, वर पेन ड्राइव्हवर एक नक्कल द्या. बघा किती ट्रंका उघडतात ते.

नकाशांचं काम त्याच्या बरोबरीनं चालू द्या. गावनकाशे, संस्थानी नकाशे आणि सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी पत्रकं आजच्या नकाशावर बसवा. मग शहापूरच्या माणसाला आपली गल्ली सांगलीच्या राज्यात कुठपर्यंत होती ते बोटानं दाखवता येईल. मोडी वाचणारे कोल्हापूर-पुण्याकडे अजून आहेत, प्रशिक्षण वर्गही चालतात. त्यांतल्या काहींना शिरहट्टी-कुंदगोळच्या कागदांवर बसवा. जुन्या कन्नड छपाईचे जाणकार धारवाडकडे आहेत, त्यांना बेळगावच्या कन्नड साप्ताहिकांवर बसवा. त्यांचं मानधन कोणत्या सरकारनं द्यायचं यावर एक बैठक होईल, चहा होईल, पुन्हा बैठक होईल. ती तुमची पद्धत आहे, चालू द्या. पण तोवर सूचीचं काम थांबवू नका. त्याला फारसा पैसा लागत नाही.

सुरुवात निपाणी आणि खानापूरपासून करावी असं माझं मत आहे. बेळगावात निदान वाचणारे आहेत, विचारणारे आहेत. तालुक्याच्या गावी एक छापखाना बंद झाला की त्याच्या फायलींचं काय झालं हे विचारायलाही कोणी जात नाही. जागा विकली जाते, नवा मालक माळा साफ करतो, रद्दीवाला वजन करतो. पाऊस जूनमध्ये लागतो. त्याआधी निदान सूचीसाठी माणसं पाठवा, मराठी वाचणारा एक आणि कन्नड वाचणारा एक, आणि दोघांना एकाच गाडीतून पाठवा. कोणाकडे ट्रंक आहे, कोणाचा माळा गळतो, कोणाला आधी भेटून मग विषय काढावा लागेल, ही यादी आम्ही तयार ठेवली आहे. बसायला खोली, वीज आणि चहा-जेवण आमच्याकडे. यायची तारीख आठ दिवस आधी कळवावी, म्हणजे फायली माळ्यावरून उतरवून, झटकून ठेवता येतील.

आपला,
सीमाभागातला एक वाचक